खेळाडूला टीममधून काढा, पण तोंडावर सांगून काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर युरोपातल्या फुटबॉलच्या बातम्या नियमित येतात त्याबद्दल आधी आभार, कारण आमच्या नेरूळ-सीवूड्सची पोरं आता शनिवार-रविवार रात्री उशिरापर्यंत मॅच बघतात आणि सकाळी टर्फवर आली की तोच विषय असतो. पण मॅनेजर आणि खेळाडूचं बिनसलं की बातमी नेहमी एकाच सुरात येते, मॅनेजरने स्टारला कसं सरळ केलं, कसं हाकललं, आणि वाचणाऱ्याला वाटतं की जेवढा जोरात हाकलला तेवढा मॅनेजर मोठा. मी इथे मुलांना फुटबॉल शिकवतो, हा समज वरून खाली मैदानापर्यंत कसा उतरतो ते रोज बघतो, म्हणून लिहितोय.

कडक मॅनेजर म्हटलं की सगळे मॅन्चेस्टर युनायटेडच्या अ‍ॅलेक्स फर्ग्युसनचं नाव घेतात. बेकहॅमला २००३ मध्ये विकलं, रॉय कीनला नोव्हेंबर २००५ मध्ये जाऊ दिलं, हे सगळ्यांना पाठ आहे. पण कीनच्या बाबतीत काय झालं ते पूर्ण बघा ना. मिडल्सब्रोकडून ४-१ हरल्यावर जखमी कीनने क्लबच्याच चॅनलवर सहकाऱ्यांना इतकं झोडपलं की ती मुलाखत दाखवलीच नाही, आणि तो कॅप्टन होता, बारा वर्षं क्लबला दिलेला माणूस. काही आठवड्यांत दोघांच्या संमतीने विषय संपवला, त्याला कुठे कोपऱ्यात एकटा पळायला लावलं नाही, महिनोन्महिने लटकवलं नाही. आणि मे २००६ मध्ये त्याच ओल्ड ट्रॅफर्डवर सेल्टिकविरुद्ध त्याची टेस्टिमोनियल, म्हणजे सन्मानाची मॅच झाली. पुढे दोघं एकमेकांबद्दल फार कडू बोलले हे खरं आहे, पण क्लबमधून बाहेर पडणं तरी नीट झालं.

आणि युनायटेडच्याच कँटोनाचं तर कोणी सांगतच नाही. जानेवारी १९९५ मध्ये सेलहर्स्ट पार्कवर त्याने प्रेक्षकाला उडी मारून लाथ घातली, सप्टेंबरअखेरपर्यंत बंदी आली. एखाद्याला काढायला याहून मोठं कारण काय पाहिजे? पण बंदीत बंद दाराआड फ्रेंडली खेळण्यावरूनही चौकशी सुरू झाली तेव्हा कँटोना वैतागून निघून गेला आणि फर्ग्युसन स्वतः पॅरिसला जाऊन त्याला भेटला, समजावलं, परत आणलं. त्या सीझनला युनायटेडने लीग आणि एफए कप दोन्ही घेतले आणि लिव्हरपूलविरुद्धच्या फायनलचा एकमेव गोल कँटोनाचा होता, कॅप्टन म्हणून. उलट डिफेंडर याप स्टामला २००१ मध्ये त्याच्या पुस्तकाचा वाद चालू असताना घाईने इटलीच्या लाझिओला विकलं, ती आपली चूक होती असं फर्ग्युसननेच नंतर मान्य केलं. म्हणजे कोणाला जाऊ द्यायचं आणि कोणाच्या दारात जाऊन बसायचं हे ओळखणं, हे खरं काम आहे, आणि ते नुसत्या आवाज चढवण्याने होत नाही.

मॅन्चेस्टर सिटीचा मॅनेजर मान्चिनी याने सप्टेंबर २०११ मध्ये म्युनिकला नेमकी उलटी सुरुवात केली. त्याचा स्ट्रायकर तेवेझ बेंचवरून खेळायला तयार नाही म्हणाला (तेवेझचं म्हणणं वेगळं होतं), आणि मान्चिनीने कॅमेऱ्यासमोरच सांगून टाकलं की माझ्यापुरता हा संपला. तेवेझ अर्जेंटिनाला निघून गेला, कित्येक महिने गेले. पण फेब्रुवारीत माफी आली तेव्हा मान्चिनीने आपला शब्द गिळला. मार्चमध्ये तेवेझ चेल्सीविरुद्ध सब म्हणून आला आणि नासरीच्या विजयी गोलचा पास त्याचा होता, एप्रिलमध्ये नॉरिचविरुद्ध हॅटट्रिक, आणि सिटीने ती लीग जिंकली ती फक्त गोलफरकावर! मान्चिनी हट्टाला पेटला असता तर ती ट्रॉफी शेजारच्या युनायटेडकडे गेली असती असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आता अलीकडचं युनायटेड. सांचोला २०२१ मध्ये ७३ दशलक्ष पौंड देऊन आणला, सप्टेंबर २०२३ मध्ये आर्सेनलविरुद्ध का नाही घेतला तर ट्रेनिंगमध्ये कमी पडला असं तेव्हाचा मॅनेजर टेन हागने पत्रकारांना सांगितलं, सांचोने सोशल मीडियावर उत्तर दिलं की हे खरं नाही, मग त्याला फर्स्ट टीमपासून तोडलं. मला विचाराल तर दोघंही चुकले, पण पहिला चुकला तो मॅनेजर, कारण ट्रेनिंगमधली गोष्ट ट्रेनिंग ग्राउंडवरच सांगायची असते. जानेवारीत सांचो लोनवर डॉर्टमुंडला गेला आणि जूनमध्ये चॅम्पियन्स लीगची फायनल खेळला. रॅशफोर्डचं तर मला जास्त लागलं. सात वर्षांचा असल्यापासून त्या क्लबमध्ये असलेला मुलगा, आणि जानेवारी २०२५ मध्ये टेन हागनंतरचा मॅनेजर अमोरिम पत्रकार परिषदेत म्हणतो की रोज पूर्ण जोर न लावणाऱ्या खेळाडूपेक्षा मी आमच्या ६३ वर्षांच्या गोलकीपिंग कोचला बेंचवर बसवेन. रॅशफोर्डची मेहनत कमी पडली असेलही, नाही म्हणत नाही. पण हे वाक्य जगभर गेलं आणि त्यातून टीमला काय मिळालं?

शिवाय यात पैशाचंही नुकसान आहे. क्लबला हा खेळाडू नकोच आहे हे सगळ्या बाजाराला कळलं की समोरचा क्लब शांत बसून राहतो, ट्रान्सफर विंडोच्या शेवटच्या दिवसांपर्यंत, आणि पडेल भावाने उचलतो. अँटनीला २०२२ मध्ये ९५ दशलक्ष युरोच्या आसपास रक्कम मोजून आणला होता, २०२५ च्या उन्हाळ्यात रॅशफोर्ड, सांचो, गार्नाचोबरोबर त्यालाही वेगळं ट्रेनिंग करायला लावलं आणि शेवटी स्पेनच्या बेतिसने त्याला सुमारे २२ दशलक्ष युरो अधिक बोनसवर घेतलं. सगळा फरक त्या वागणुकीमुळे पडला असं नाही, मुळात किंमतच जास्त लावली होती, पण विकायचा माल आपणच रस्त्यावर फेकून ठेवला तर चांगला भाव कोण देणार. फिफाच्या ट्रान्सफर नियमांतही २०१८ पासून स्पष्ट लिहिलंय की खेळाडूने करार सोडावा किंवा अटी बदलाव्यात म्हणून क्लबने त्याला छळलं तर ते खेळाडूला करार संपवायला योग्य कारण ठरू शकतं. तरी हे चालूच आहे.

खेळाडू बिचारे असतात असं माझं म्हणणं मुळीच नाही. २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये हाफटाइमला फ्रान्सच्या अनेल्काने कोच डोमेनेकला शिव्या दिल्या, त्याला घरी पाठवलं, म्हणून अख्ख्या फ्रान्सच्या टीमने ट्रेनिंग करायला नकार दिला आणि खेळाडूंचं निवेदन वाचून दाखवायची वेळ कोचवरच आली. एक पॉइंट घेऊन ग्रुपमध्ये तळाला. ऑबामेयांगला आर्सेनलचा मॅनेजर आर्तेताने डिसेंबर २०२१ मध्ये कॅप्टनपदावरून काढलं तेही पटतं, परदेशातून उशिरा आला होता, आणि ते पहिल्यांदा नव्हतं. त्या सीझनला आर्सेनलचं चॅम्पियन्स लीगचं तिकीट दोन पॉइंटने गेलं, पुढच्या वर्षी टीम दुसरी आली. शिस्त पाहिजेच.

आणि आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर खालिद जमील. कित्येक वर्षं मुंबई एफसी सांभाळली, तिथून गेल्यावर मिझोरामच्या आयझॉल क्लबला गेला, मुंबई एफसीचेच खेळाडू आशुतोष मेहता आणि जयेश राणे तिथे त्याच्याकडे खेळले, आणि २०१६-१७ ची आय-लीग आयझॉलने जिंकली. इथल्या किती पोरांना वाटतं की एका टीममधून सुटलो म्हणजे संपलो, त्यांना मी हेच सांगतो. आता भारताचा कोच झाल्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपला त्याने सुनील छेत्रीला घेतलं नाही, दरवाजा उघडा आहे म्हणाला, आणि ऑक्टोबरमध्ये सिंगापूरविरुद्ध खरंच परत बोलावलं. रिझल्ट मनासारखा लागला नाही हा भाग वेगळा.

आता मूळ मुद्दा. आमच्याकडे ठाणे-नवी मुंबईत टर्फ वाढले, अकॅडम्या वाढल्या, चांगलंच आहे, पण मोबाइलवर हे सगळं बघून आमचे तरुण कोचही तसंच बोलायला लागलेत. एका ठिकाणी तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला सगळ्यांसमोर आणि पालक बाहेर उभे असताना ‘तुझ्यापेक्षा पाणी आणणारा बरा’ म्हटलं. दुसरीकडे स्पर्धेच्या आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यादी टाकली आणि ज्यांची नावं नव्हती त्यांना ग्रुपमधूनच काढून टाकलं. फोन नाही, काही नाही. तो मुलगा सकाळी आईला कारण काय सांगणार? त्यात दहावीचं वर्ष आलं की घरचे वाटच बघत असतात, एक नकार मिळाला की बूट माळ्यावर जातात आणि ते परत खाली येत नाहीत. अशी किती चांगली पोरं गेली याचा हिशोब कोणी ठेवत नाही.

आपल्या पेपरला विनंती एवढीच की पुढच्या वेळी असं भांडण झालं की कोण जिंकलं याबरोबर तो खेळाडू कसा गेला, कुठे गेला, तिथे त्याचं काय झालं हेही छापा, पोरं वाचतात. आणि इथल्या अकॅडमीवाल्यांनो, मुलाला ठेवायचं नसेल तर नका ठेवू, तो तुमचा हक्क आहे, पण त्याला आणि त्याच्या घरच्यांना बोलवा, कुठे कमी पडतोय ते नीट सांगा, उरलेल्या महिन्यांची फी परत करा, एनओसी अडवू नका, त्याला झेपेल अशी दुसरी टीम माहीत असेल तर त्या कोचचा नंबर द्या, आणि ग्रुपमधून नाव काढायच्या आधी त्याला फोन करा.

आपला,
एक वाचक व मुलांचा फुटबॉल कोच
नेरूळ, नवी मुंबई