डोक्याचा मार आणि ‘स्ट्रेस प्रोटीन’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डोक्याला जबर मार लागला की मेंदूतल्या पेशी ‘स्ट्रेस प्रोटीन’ बनवतात, हे वाचून अनेक जण त्याचा संबंध काळजीशी, दगदगीशी जोडतात. हा ताण मनाचा नव्हे. पेशीतल्या प्रथिनांच्या घड्या, म्हणजे त्यांचा नेमका आकार, विस्कटतात, तो हा ताण.

या प्रथिनांचे दुसरे नावही फसवे आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञ फेरुच्चिओ रितोसा यांना फळमाशीच्या गुणसूत्रांवर अनोळखी फुगवटे (जनुके कामाला लागल्याची खूण) दिसले; उबवणपेटीचे तापमान चुकून वाढले होते. म्हणून या जनुकांवरून बनणाऱ्या प्रथिनांना ‘हीट शॉक प्रोटीन’ म्हणू लागले. पण मार, रक्ताचा तुटवडा, प्राणवायूची कमतरता, यांनीही तेच घडते.

धक्क्यासरशी फुटलेल्या पेशींतून ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन सांडते, शेजारच्या पेशींत कॅल्शियम घुसते, ऊर्जा आटते आणि प्रथिने वेडीवाकडी होतात. एरवी एचएसएफ-१ हा जनुके चालू करणारा घटक सोबतच्या प्रथिनांनी धरून ठेवलेला असतो. ती बिघडलेल्या प्रथिनांकडे धावली की तो मोकळा होतो, आपल्यासारख्याच आणखी दोघांशी जोडणी करून केंद्रकात शिरतो आणि एचएसपी-७० हे स्ट्रेस प्रोटीन बनवण्याचा हुकूम सोडतो. हे प्रथिन विस्कटलेल्या प्रथिनांना धरून पुन्हा घडी घालते. न जमल्यास मोडीत काढायला पाठवते. प्रत्येक फेरीला एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जेचे चलन, खर्ची पडते. रक्त साकळले असेल तिथे मुख्यतः मायक्रोग्लिया (मेंदूतल्या संरक्षक पेशी) हीम ऑक्सिजनेज-१ हे आणखी एक स्ट्रेस प्रोटीन बनवून सांडलेले हीम (हिमोग्लोबिनचा लोह असलेला भाग) फोडतात. त्यातून लोहही सुटते, आणि ते स्वतःच त्रासदायक! म्हणजे ही प्रथिने निव्वळ वरदान नव्हेत.

खरी मेख पुढे आहे. रक्तपुरवठा पार तुटलेल्या भागात हुकूम निघतो, पण माल निघत नाही: आरएनए (जनुकाच्या हुकुमाची नक्कल) तयार होते, प्रथिन बनत नाही, कारण त्यालाही ऊर्जा लागते. दुखापतीच्या गाभ्याभोवतीच्या अर्धमेल्या पट्ट्यात मात्र ते बनू शकते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत काही तासांत वाढ सुरू होते आणि साधारण दिवसभराने ती ठळक दिसते. तोवर या पट्ट्याला रक्त आणि प्राणवायू मिळायलाच हवा.

म्हणून रिंग रोडवर पडलेल्या दुचाकीस्वाराला रिक्षात कोंबून, मान लोंबकळत नेणे घातक. १०८ बोलवावी, मान हलू देऊ नये, श्वासाची वाट मोकळी ठेवावी, बेशुद्धाला पाणी पाजू नये. उलटी होत असेल तर डोके, मान व धड एका रेषेत ठेवून कुशीवर वळवावे. रुग्णालयात १५ ते ४९ वयाच्या गंभीर जखमीचा वरचा रक्तदाब ११० च्या खाली जाऊ देत नाहीत आणि प्राणवायूची पातळी ९० टक्क्यांखाली घसरणार नाही, हे पाहतात. ‘हीट’ शब्दावर जाऊन डोके शेकू नये; ताप आल्यास उतरवतात, कारण तापात मेंदूची ऊर्जेची गरज वाढते. सूज उतरावी म्हणून स्टिरॉइडचा आग्रह डॉक्टरांकडे धरू नये. २००४ च्या ‘क्रॅश’ चाचणीत दहा हजारांहून अधिक रुग्ण होते आणि स्टिरॉइड दिलेल्यांत मृत्यू जास्त आढळले.

आणि ‘स्ट्रेस प्रोटीन’ वाढावे म्हणून प्रोटीन पावडर? पोटात गेलेले प्रथिन तिथेच पचून त्याची अमिनो आम्ले होतात. एचएसपी-७० पेशीला घरच्या घरीच बनवावे लागते.

आपले,
जीवरसायनशास्त्राचे दोन अध्यापक, इंदूर