थेम्सच्या चिखलातून संस्कृतिमंत्र्यांना

माननीय मंत्री, संस्कृती विभाग, ब्रिटन सरकार यांस,
सादर नमस्कार.

इंग्रजी प्रत वेगळी पाठवतोच आहे. ही मराठी अशासाठी, की सुट्टीच्या दिवशी मी लंडनच्या चिखलात काय करत असतो, ते आमच्या माणसांनाही कळावं.

लंडनमधली थेम्स म्हणजे आमच्या हिशेबाने खाडीच. दिवसातून दोनदा भरती, आणि उधाणाला पाणी सात मीटरपर्यंत चढतं-उतरतं. ओहोटीला काठ उघडा पडला की आम्ही टेप, कॅमेरा आणि पेन्सिल घेऊन जुन्या अवशेषांची नोंद करायला उतरतो. ‘थेम्स डिस्कव्हरी प्रोग्राम’ 2008 पासून आमच्यासारख्या हौशी मंडळींना हे काम शिकवतो आहे. आम्ही खणत नाही. जे उघडं पडलंय ते मोजायचं, रेखाटायचं, आणि पुढच्या खेपेला तिथेच जाऊन काय उरलंय ते बघायचं.

लंडनच्याच व्हॉक्सहॉल भागात गुप्तहेर खात्याच्या इमारतीसमोर 2010 मध्ये सहा लाकडी खुंट सापडले. वय साधारण साडेसहा हजार वर्षं! ते दिसतात फक्त अगदी खोल ओहोटीला, तेही थोडाच वेळ.

मी स्वतः एका जुन्या मेढीवर लक्ष ठेवून होतो. चिखलातून वीतभर वर आलेली, टोकाशी कुऱ्हाडीचे घाव स्पष्ट. इतकी मऊ, की नख लावायची भीती वाटावी. पुढच्या वर्षी गेलो, तर त्या जागी पाण्याने भरलेलं भोक.

नदीकाठी इमारत बांधायची झाली, तर परवानगीच्या अटींमध्ये पुरातत्त्वाचं काम येतं आणि खर्च बिल्डर सोसतो. चांगला नियम आहे. पण तोच काठ लाटांनी आणि बोटींमुळे उसळणाऱ्या पाण्याने झिजतो, तेव्हा बिल पाठवायचं कुणाला? या कामाची सुरुवातही वारसा जपण्यासाठी राष्ट्रीय लॉटरीचा पैसा वाटणाऱ्या फंडाच्या तीन वर्षांच्या अनुदानावर झाली होती. झीज काही अनुदानाची मुदत बघून होत नाही.

म्हणून मागणी एकच: झिजणाऱ्या काठांच्या नोंदींसाठी आपल्या खात्याच्या अंदाजपत्रकात दरवर्षीची कायम तरतूद करा. उन्हा-पावसात राबायला आम्ही फुकट आहोत. पण आम्हाला शिकवणारे, आमच्या नोंदी तपासणारे आणि जपून ठेवणारे पुरातत्त्वज्ञ पगारी लागतात.

उत्तर इंग्रजीत आलं तरी चालेल.

आपला,
थेम्सकाठचा एक स्वयंसेवक