तीस फूट झालं की निघायचं

दार-ए-सलाम,
28 एप्रिल

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोन केला की बाबा, तुम्ही दोन वाक्यांत "हं, आईशी बोल" म्हणून सुटता. आणि आई, तू "जेवलीस का"पासून सुरू करतेस ते गावभागातल्या सगळ्यांची खुशाली सांगून होईपर्यंत माझं मूळ काम राहूनच जातं. म्हणून हे पत्र. बंडूदादाला पाठवलंय, तो मारुती चौकातून छापून आणेल. अक्षर मुद्दाम मोठं ठेवलंय, तरी चष्मा लावाच.

वाईट बातमी आधी सांगते. म्हणजे तशी वाईट नाही. माझं इथलं कॉन्ट्रॅक्ट आणखी दोन वर्षांसाठी वाढलंय. वाढलंय म्हणजे मी सही केली, मागच्या मंगळवारी. या गणपतीला कायमचे परत येऊ असं मी तुम्हाला तीनदा म्हटलं होतं, तेही चतुर्थीला देवासमोर उभं राहून, हे मला आठवतंय. पण विश्रामबागेतल्या फ्लॅटचं कर्ज या दोन वर्षांत पूर्ण फिटतं. चिऊची शाळा मध्येच तोडायची नाही. शिवाय माझ्या कामाची जागा सांगलीत आहे कुठे? पुण्याला गेले असते तरी तुमच्यापासून चार-पाच तासांवरच. आणि अनिकेतची कंपनीही आत्ताच जरा स्थिरावते आहे. सगळी कारणं खरी आहेत. तरी सही करताना पेन चालेना, तेव्हा समोरच्या माणसाला वाटलं शाई संपली, आणि त्याने मला दुसरं पेन दिलं.

गणपतीला बारा दिवस येणारच आहोत. तिकिटं काढली आहेत. ते 'बघू' नाही.

आता आमची काळजी. आई, टीव्हीवर आफ्रिकेतल्या पुराचं काही दाखवलं की तू लगेच फोन करतेस, म्हणून नीट सांगते. इथे सध्या 'मासिका' चालू आहे, म्हणजे मार्च ते मे हा मोठा पावसाळा. ऑक्टोबर ते डिसेंबर एक छोटा येतो, त्याला 'वुली' म्हणतात. एप्रिल सगळ्यात ओला. आपल्याकडे पाऊस पडतो महाबळेश्वरला, नवजाला, कोयनेला, आणि पाणी मात्र आपल्या दारात येतं. सांगलीत आभाळ कोरडं असतानाही कृष्णा चढते. इथे तसलं काही नाही. जे काय पडायचं ते आपल्याच डोक्यावर पडतं. तासाभरात रस्त्याचा ओढा होतो, आणि दुपारी असं ऊन पडतं की सकाळी काही झालंच नव्हतं. शहराच्या मध्ये म्सिंबाझी नावाची नदी आहे. तिच्या काठच्या सखल भागाचं नाव 'जंगवानी', म्हणजे 'वाळवंटात'. दरवर्षी बुडतं ते हेच वाळवंट. तिथला मोठा रस्ता बंद झाला की शहराचे दोन तुकडे होतात. मी त्या बाजूला जातच नाही. ऑफिस घराच्या बाजूलाच आहे, पाऊस असला तर बजाजीने जाते. बजाजी म्हणजे आपली रिक्षा. पुण्याच्या बजाजचं नाव इथे असं लागलंय.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, हे शंभरदा सांगितलंय. पाणी वर येऊ शकत नाही. वरून येतं तेवढं येतं: स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात गळतं, तिथे घमेलं ठेवलंय. वीज जाते, पण इथे विजेचे पैसे आधी भरावे लागतात, मोबाईल रिचार्जसारखे. नंबर येतो, तो मीटरवर दाबायचा. त्यामुळे अंधार झाला की आधी भांडण होतं, लाईट गेली की अनिकेत पैसे भरायला विसरला यावर. बहुतेक वेळा दुसरंच असतं.

कपडे वाळत नाहीत हा मात्र खरा वैताग. बाहेर दोरीवर टाकायची सोय नाही, कारण ओल्या कपड्यांवर इथली एक माशी अंडी घालते, आणि ती अळी मग कातडीखाली जाते. म्हणून इथे चड्डी-बनियनसुद्धा कडक इस्त्री करून घालतात. ज्या अनिकेतला लग्नात तुम्ही "जावईबापू, सदऱ्याला इस्त्री?" असं विचारलं होतंत बाबा, तो आता रोज रात्री चिऊचे मोजे इस्त्री करत बसतो. कपाटात बुरशी धरते. आई, तू दिलेली पैठणी मी सुती साडीत गुंडाळून, कापूर घालून सगळ्यात वरच्या खणात ठेवली आहे, आणि दर रविवारी पंख्याखाली उलगडते. तिला काही झालेलं नाही. मिठात तांदूळ घातलेत. मागच्या वेळचा भडंगाचा पुडा मात्र उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी सादळला. मी तव्यावर परतून संपवला.

आणि भाकरी. इथे ज्वारीला 'म्तामा' म्हणतात, दुकानात पीठ मिळतं, पण बहुतेक विरी गेलेलं. पहिल्या पावसाळ्यात थापायला घेतलं की परातीतच नकाशा व्हायचा. मग तुझी युक्ती आठवली. उकळत्या पाण्याची उकड काढली, झाकून ठेवली, आणि हात पोळेपर्यंत मळली. परवा लाईट नव्हती, बाहेर धो धो चाललं होतं, गॅसच्या उजेडात केली. फुगली. कडा फाटली, पण फुगली. चिऊने तिच्यावर इथली 'कचुंबारी' घालून खाल्ली. कांदा-टोमॅटोची कोशिंबीर, दुसरं काही नाही. उपाशी कोणीच नाही, आई.

तुम्हाला हसू येईल असं एक. इथल्या भाषेत बहिणीला 'दादा' म्हणतात आणि भावाला 'काका'. आईला 'मामा'. वडिलांना मात्र 'बाबा'च. त्यामुळे खालचा राखणदार मला "दादा, छत्री!" म्हणून ओरडतो, अनिकेत त्याचा काका झालाय, आणि मी माझ्या पोरीची मामा. बंडूदादाला सांगितलं तर तो दिवसभर स्वतःला बहीण समजून हसत बसेल. हा राखणदार तुमच्याच वयाचा आहे बाबा. पायरीवर कोणी घसरलं की "पोले" म्हणतो. चूक कोणाचीही असो, समोरच्याला त्रास झाला की म्हणायचं. मला तो शब्द फार लागतो हल्ली.

आता जे लपवलं होतं ते. तीन आठवड्यांपूर्वी मला मलेरिया झाला होता. झाला होता, आता नाही. वाचून झालं का? पुढे वाचा. बोटातून रक्ताचा थेंब, पट्टीवर दुसरी रेघ, पंधरा-वीस मिनिटांत निदान. 24 गोळ्या, चार-चार करून तीन दिवसांत सहा वेळा, आणि त्या स्निग्ध खाण्याबरोबर घ्यायच्या असतात, म्हणून मी तू पाठवलेलं तूप भातावर घालून खाल्लं. म्हणजे औषध अर्धं सांगलीचंच. चौथ्या दिवशी ऑफिसला गेले. तुम्हाला सांगितलं नाही कारण तेव्हा आईची शुगर वाढलेली होती. अनिकेतला मीच गप्प बसवलं होतं, त्याला ओरडू नका. मच्छरदाणी आम्ही लावतोच, चिऊच्या पलंगाला तर गादीखाली खोचून. एक रात्र मी तशीच सोफ्यावर झोपले, एवढंच.

मे संपला की इथला पाऊस संपतो. आम्ही विषुववृत्ताच्या खालच्या बाजूला, त्यामुळे तुमचा मृग लागतो तेव्हा इथे कोरडी, गार, अगदी छान हवा येते. सगळे समुद्रावर जातात. आणि तेव्हाच माझा दुसरा पावसाळा सुरू होतो. तुमच्याकडे सकाळचे सात वाजतात तेव्हा माझे पहाटेचे साडेचार. तेव्हा उठून मी मोबाईल बघते. कोयना धरणात पाणी किती टीएमसी, विसर्ग किती क्युसेक, आयर्विन पुलाला किती फूट. बाहेर चांदणं असतं, आणि मी एकोणचाळीस फूट वाचून घामाघूम झालेली असते.

2019 ला आम्ही नुकते इथे आलो होतो, चिऊ मांडीवर होती. पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं आणि तुमचे दोघांचे फोन बंद. त्या दोन रात्रींबद्दल आपण कधी बोललो नाही. आत्ताही बोलत नाही. 2021 ला तुम्ही निघालात, पण बेचाळीस फूट झाल्यावर, आणि तेही आईने ट्रंक ओसरीवर आणून ठेवली म्हणून.

म्हणून मी एक ठरवलंय. ठरवलंय म्हणजे केलंय. विश्रामबागेतल्या फ्लॅटचे भाडेकरू 31 मेला जागा सोडताहेत. मी त्यांना मार्चमध्येच सांगितलं होतं. त्यांनी काही कुरकुर केली नाही, उलट दुसरी मोठी जागा मिळाली त्यांना. बंडूदादाने रंगारी बघून ठेवलाय. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवली, कमोड आहेच, पाणी चोवीस तास. आई, तुझी उंच खाट तिथे नेऊन ठेवायला सांगितली आहे. बाबा, तुम्हाला न विचारता केलं याचा तुम्हाला राग येणार, ते मी गृहीत धरलंय. पोले.

गावभागातलं घर विकायचं असं मी म्हणत नाही. कधीच म्हणणार नाही. मला माहीत आहे त्या घरात काय काय आहे. शाळेला सुट्टी मिळाली की तुम्ही मला सायकलच्या नळीवर बसवून आयर्विन पुलावर पूर बघायला न्यायचा. गर्दीत माझ्या रेनकोटची कॉलर मुठीत धरलेली असायची, इतकी घट्ट की गळ्याला काचायचं. मी खाली बघायची आणि मला वाटायचं पूलच चाललाय, पाणी जागेवर आहे. आणि 2005 ला पाणी उंबऱ्याशी आलं तेव्हा आई, तू कृष्णामाईची ओटी भरलीस. नारळ, खण, तांदूळ पाण्यात सोडलेस, हात जोडलेस, आणि मग मागे वळून मला म्हणालीस, "आता पळ, पिठाचे डबे माळ्यावर चढव." फडताळाचा खालचा खण तेव्हा फुगला तो आजतागायत उघडलेला नाही. त्यात काय आहे यावर तुम्ही दोघं वीस वर्षं भांडताय.

मी फक्त जुलै ते सप्टेंबर म्हणते आहे. तीन महिने. किंवा तेही नको असेल तर निदान एवढं कबूल करा: आयर्विनला तीस फूट झालं की निघायचं. इशारा पातळी चाळीस, धोका पातळी पंचेचाळीस, हे मला तुम्हीच शिकवलंत बाबा, त्यामुळे "अजून दहा फूट आहेत" हे ऐकवू नका. ते आकडे पुलासाठी आहेत, तुमच्या गुडघ्यांसाठी नाहीत. तीसला रिक्षा मिळते. चाळीसला बंडूदादा लागतो. त्याच्या पुढे होडी. माई घाटावरच्या मंडळींना सोडून जायचं जिवावर येतं, मला समजतं. अलमट्टी धरणाचं भांडण फोनवरही चालू ठेवता येईल, आणि पाणी उतरलं की बंडूदादा रोज सकाळी घाटावर सोडेल, माझं बोलणं झालंय.

निघताना आधी देव, मग आईचं इन्सुलिन, मग कागद. देव पितळी डब्यात, कागद त्या निळ्या झिपच्या पिशवीत, मी दिवाळीत आणलेली, ती मोजे ठेवायला नाही आणलेली. बीपीच्या गोळ्या जुलै लागायच्या आधी दोन महिन्यांच्या भरून ठेवा. मेन स्विच बंद करायचा, सिलिंडरचा रेग्युलेटर काढायचा. आणि पाणी ओसरल्यावर बाबा, तुम्ही गाळात पाय घालायचा नाही. टाचेच्या भेगा बऱ्या झालेल्या नाहीत, आणि त्या पाण्यातून लेप्टोचा ताप येतो. माणसं लावा. त्यांनी मागितले तेवढे द्या, घासाघीस करू नका. मी पाठवते.

रागावून लिहिते आहे असं वाटत असेल तर तसं नाही. इथे रात्रीचे साडेअकरा झालेत, पावसाचा आवाज पत्र्यावर इतका आहे की मी मनातसुद्धा मोठ्याने बोलते आहे. चिऊ झोपली. झोपताना विचारत होती, आजोबांच्या घरात पाणी येतं तेव्हा मासे पण येतात का. मी म्हटलं, आजोबांना विचार.

तुमची,
मनू

ता. क. आई, पार्सलमध्ये भडंग नको, मेतकूट आणि हळद दे, हळदीला दुहेरी पिशवी. आणि बाबा, या पानाच्या मागे "तीस फूट मान्य" असं तुमच्या अक्षरात लिहून खाली सही करा, बंडूदादा फोटो पाठवेल. नुसतं "बघू" लिहिलंत तर मी परत पाठवणार आहे.