गोदामाच्या दाराबाबत सर्व सभासदांना सूचना

सोमवारपासून गोदामाचं दार बोट आणि चेहरा, दोन्ही जुळल्यावरच उघडेल. "दोन्हींपैकी एक चालू द्या" अशी मागणी आली होती. तसं केलं तर परक्या माणसासाठी दोन वाटा मोकळ्या होतात. दोन्ही सक्तीचे केले की चोराची वाट अरुंद होते, पण आपल्याच माणसाला मशीन नाकारण्याचं प्रमाण वाढतं. वेचणीच्या दिवसांत हे जास्त होईल. बोंडांच्या टोकांनी बोटं ओरबाडतात, रेषा पुसट होतात.

म्हणून नोंदणीला एकच अंगठा देऊ नका. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जनी, अशी चार बोटं द्या. फवारणी करून थेट येऊ नका. हात साबणानं धुवा, पूर्ण कोरडे करा. उन्हाळ्यात बोटं फार कोरडी पडली तर कपाळाला हलकेच घासून ठेवा, तेल लावू नका. मशीनवर बोट ठेवायची काच रोज मऊ सुक्या कापडानं पुसावी.

चेहऱ्यासाठी दुपट्टा सोडा, टोपी काढा. मागून ऊन आलं तर चेहरा काळा दिसतो, त्यामुळे दाराचा दिवा दुपारीही चालूच ठेवायचा.

बोट तीनदा नाकारलं तर चेहरा आणि सहा आकडी पिन. नुसत्या चेहऱ्यावर दार उघडणार नाही, मग सभासद कितीही ओळखीचा असो.

चुंबकी कुलूप लाईन गेली की सुटतं. बॅटरी दर आठवड्याला तपासा, नाहीतर लोडशेडिंगमध्ये दार उघडंच राहील.

पिन बदलता येतो, बोट नाही. सभासदत्व सोडणाऱ्याची नोंद त्याच दिवशी, त्याच्यासमोर पुसली जाईल.