जुने कॉमिक्स की नवे: गुंतवणूक करणाऱ्यांसाठी

महोदय,

१९३९ साली १० सेंटला विकल्या गेलेल्या ‘सुपरमॅन’च्या पहिल्या अंकाची एक प्रत नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात ९१ लाख २० हजार डॉलरना, म्हणजे सुमारे ८० कोटी रुपयांना गेली. ही बातमी वाचून न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याने मला विचारले की, मुलीच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा २०० डॉलरचे नवे कॉमिक्स, त्यातही प्रत्येक मालिकेचा पहिला अंक, घेऊन ठेवले तर कसे? जुने अंक आवाक्याबाहेर गेले आहेत, पण आजचे नवे तेच उद्याचे जुने होणार, असे त्याचे म्हणणे. चाळीस वर्षे अंक जमवणारा वाचक म्हणून मला हा हिशेब चुकीचा वाटतो, आणि तो अनेक मराठी तरुण करत असल्याचे आढळल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

जुना अंक महाग होतो तो केवळ वयामुळे नाही. सुपरमॅनचे पहिले दर्शन घडवणारा ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा जून १९३८ चा पहिला अंक सुमारे दोन लाख प्रतींचा निघाला होता, असे सांगतात, त्यातल्या शंभरेक प्रती आज शिल्लक असाव्यात, असा जाणकारांचा अंदाज आहे. बाकीच्या प्रती मुलांनी वाचल्या, गुंडाळी करून खिशात कोंबल्या, मित्रांना देऊन टाकल्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागद गोळा करण्याच्या मोहिमेत लगद्यासाठी दिल्या. कुणीही त्या पुढे विकण्यासाठी म्हणून जपल्या नाहीत, म्हणूनच एप्रिल २०२४ मध्ये या अंकाच्या एका उत्तम प्रतीला ६० लाख डॉलर मिळू शकले. वर उल्लेखिलेली ‘सुपरमॅन’ची प्रतही कॅलिफोर्नियातल्या एका दिवंगत आईच्या घराच्या माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली मुलांना सापडली. त्या बाईंनी ती लहानपणी वाचायला घेतली होती.

आता १९९० नंतरची स्थिती पाहा. लिलावांच्या बातम्या तोवर घरोघर पोहोचल्या होत्या आणि लोक एकाच अंकाच्या पाच-पाच, दहा-दहा प्रती घेऊन प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू लागले होते. १९९१ च्या ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकाच्या, वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह, ८० लाखांहून अधिक प्रती खपल्या. १९९२ च्या नोव्हेंबरात ‘सुपरमॅन’ मालिकेचा ७५ वा, त्याच्या मृत्यूचा अंक काळ्या सीलबंद पाकिटात आला, तेव्हा दुकानांबाहेर रांगा लागल्या. अमेरिकेहून परतलेल्या एका मित्राने आणलेली त्याची न उघडलेली प्रत आजही माझ्या कपाटात आहे आणि ती मला प्रिय आहे. परंतु तेहेतीस वर्षे जपल्यानंतरही तिची किंमत एका बेताच्या जेवणाच्या बिलाइतकीच भरते, कारण तशाच न उघडलेल्या प्रती लाखोंच्या संख्येने लोकांच्या कपाटांत आहेत. त्या तेजीचा फुगा फुटल्यावर असंख्य दुकाने बंद पडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये ‘एक्स-मेन’ काढणाऱ्या खुद्द मार्व्हल कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

आजचे प्रकाशक वेगळ्या मार्गाने टंचाई निर्माण करतात. दुकानदाराने नेहमीच्या मुखपृष्ठाच्या २५ प्रती मागवल्या तरच त्याला पर्यायी मुखपृष्ठाची एक प्रत मिळते, आणि ती एक प्रत पहिल्याच आठवड्यात चढ्या भावाने विकली जाते. एखाद्या पात्रावर चित्रपट येणार अशी घोषणा झाली की त्याच्या पहिल्या दर्शनाचा अंक काही दिवस वर जातो, चित्रपट पडला की खाली येतो. हा सट्टा आहे. त्यात नफा मिळवणारे आहेत, पण ते आठवड्यांत विकून मोकळे होतात, अठरा वर्षे थांबत नाहीत.

नव्या अंकांतून मोठे भाव कधीच निघाले नाहीत असे मात्र नाही. १९८४ चा ‘टीनएज म्युटंट निंजा टर्टल्स’चा पहिला अंक सुमारे तीन हजार प्रतींचा होता, २००३ चा ‘द वॉकिंग डेड’चा सात हजारांच्या आसपास. दोन्ही कृष्णधवल होते, आणि त्यांतून एवढे काही निघेल अशी कुणाचीही अपेक्षा नव्हती. असा अंक आधीच हेरण्याची दृष्टी ज्याच्याजवळ आहे त्याने जरूर घ्यावा. पण दरमहा दुकानात समोर मांडलेले, ‘संग्राह्य’ म्हणून जाहिरात झालेले पहिले अंक उचलणे म्हणजे ती दृष्टी नव्हे.

मग जुनेच घ्यावेत का? माझा कौल तिकडेच आहे, पण सरसकट नाही. पन्नास-साठच्या दशकांतले प्रेमकथांचे, बोलक्या प्राण्यांचे कितीतरी अंक आजही किरकोळ भावात मिळतात. मोल असते ते एखाद्या महत्त्वाच्या पात्राच्या पहिल्या दर्शनाला, आणि तिथेही प्रतीच्या अवस्थेला. २००० सालापासून सीजीसी ही संस्था अंक तपासून ०.५ ते १० असा दर्जा देते आणि अंक पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत बंद करते. स्पायडरमॅनचे पहिले दर्शन घडवणारा १९६२ चा ‘अमेझिंग फँटसी’ १५ हा अंक सप्टेंबर २०२१ मध्ये ३६ लाख डॉलरना गेला तो ९.६ दर्जाचा होता. फाटका, डाग पडलेला तोच अंक त्या किमतीच्या अगदी लहान अंशात मिळतो.

या बाबतीत मी स्वतः फसलो आहे. वीसेक वर्षांपूर्वी अमेरिकेच्या भेटीत मी साठच्या दशकातला एक अंक एका विक्रेत्याकडून विनापेटीचा घेतला. कडा सरळ दिसाव्यात म्हणून कापलेल्या होत्या आणि मुखपृष्ठाच्या घड्यांवर रंग भरलेला होता, हे पुढे तपासणीत कळले. अशा डागडुजी केलेल्या अंकाच्या पेटीवर सीजीसी जांभळी पट्टी लावते आणि भाव बराच उतरतो. तेव्हापासून मी पान न् पान तपासल्याशिवाय विनापेटीचे काही घेत नाही. ‘एक्स-मेन’मधल्या वुल्व्हरिनचे पहिले पूर्ण दर्शन असलेल्या ‘इन्क्रेडिबल हल्क’च्या १८१ व्या अंकातला, मुलांनी जमवावा म्हणून मार्व्हलने छापलेला स्टॅम्प १९७४ मध्ये कितीतरी मुलांनी कात्रीने कापून घेतला होता; वरून अंक सुंदर दिसतो, आत चौकोनी भोक असते.

म्हणून भाच्याला मी असे सांगितले: वर्षभराच्या २,४०० डॉलरमध्ये शेकडो नवे अंक घेण्यापेक्षा साठ-सत्तरच्या दशकातला एकच महत्त्वाचा अंक घे; दर्जा कमी असला तरी चालेल, पण तो पूर्ण, डागडुजी न केलेला आणि तपासून पेटीबंद झालेला असावा. तोही मुलीच्या शिक्षणाच्या पैशातून नको. कॉमिक्स व्याज देत नाही, लाभांश देत नाही. मोठ्या लिलावगृहांत बोलीवर साधारण पाचव्या हिश्श्याइतका अधिभार बसतो, आणि अमेरिकेत संग्राह्य वस्तूंवरच्या दीर्घकालीन नफ्यावर कराचा कमाल दर २८ टक्के आहे, जो शेअर्सवर २० टक्के आहे. महासाथीच्या काळातल्या तेजीनंतर २०२२ पासून जुन्या अंकांचेही भाव उतरले, आणि शिखरावर खरेदी केलेले अनेक जण अजून मुद्दल सुटण्याची वाट पाहत आहेत. याहून मोठी काळजी मला खरेदीदारांच्या वयाची वाटते. पन्नासच्या दशकातल्या काउबॉय कॉमिक्सवर जीव टाकणारी पिढी सरली तशी त्यांची मागणीही ओसरली. स्पायडरमॅनला चित्रपटांनी नवे वाचक दिले आहेत, पण प्रत्येक जुन्या नायकाचे नशीब तसे नसेल.

केवळ दुर्मीळ असून भागत नाही, याचे उदाहरण आपल्याच घरात आहे. १९६४ ते १९९० या काळातल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’चे मराठी अंक, वेताळाचे आणि मँड्रेकचे, आपण रद्दीत घातले, उरलेल्यांना वाळवी, कसर आणि कोकणपट्टीतल्या पावसाळी ओलीने गाठले. चांगली प्रत मिळणे आज खरोखर अवघड आहे. तरीही त्यांच्या व्यवहारांची नियमित नोंद ठेवणारे सर्वमान्य भावपत्रक आपल्याकडे नाही आणि खरेदीदार मोजके आहेत, त्यामुळे विकायला निघालेल्याला समोरचा म्हणेल ती किंमत घ्यावी लागते. मी ते अंक जपतो, विकत घेतो, पण गुंतवणूक म्हणून कुणाला सुचवणार नाही.

आपणास एक विनंती आहे. अशा लिलावाची बातमी छापताना किमतीशेजारी अंकाचा दर्जा आणि त्याच्या शिल्लक प्रतींची संख्या द्यावी. माझ्या भाच्याने वाचलेल्या बातमीत १० सेंट आणि ८० कोटी हे दोनच आकडे होते, आणि त्यांच्यामधल्या शहाऐंशी वर्षांत लगदा झालेल्या प्रतींबद्दल एक ओळही नव्हती.

आपला,
एक संग्राहक वाचक, ठाणे