प्रमाणपत्र असते, मग माहिती जाते कशी?

संपादक महोदय,

एखाद्या संस्थेतून माहिती चोरीला गेली की ‘आमच्याकडे सर्व सुरक्षा प्रमाणपत्रे आहेत’ असा खुलासा हमखास येतो. तो बहुधा खराही असतो. ऑडिटर ठरलेल्या दिवशी येतो, शेकडो सर्व्हरपैकी मोजके नमुन्यादाखल पाहतो आणि निघून जातो. उरलेल्यांवर काय चालले आहे, हे प्रमाणपत्रावरून कळत नाही.

लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या अमेरिकेतील इक्विफॅक्स या कंपनीचे २०१७ चे प्रकरण पाहा. वेबसाइटसाठी वापरल्या जाणाऱ्या अपॅची स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधील त्रुटीवरचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, मार्चमध्ये आला. गंभीर पॅच ४८ तासांत लावावा, असा कंपनीचा नियम होता आणि तशी सूचनाही गेली. पण ईमेलची यादी जुनी होती. ज्याने पॅच लावायचा त्याच्यापर्यंत सूचना पोहोचलीच नाही. स्कॅनमध्येही ती त्रुटी सापडली नाही. मे महिन्यात चोर आत शिरले ते जुलैअखेरीपर्यंत आतच होते, कारण एन्क्रिप्टेड (सांकेतिक रूपातील) ट्रॅफिक तपासणाऱ्या उपकरणाच्या डिजिटल सर्टिफिकेटची मुदत कित्येक महिन्यांपूर्वीच संपली होती आणि त्यामुळे ती तपासणी बंद पडली होती. नवे सर्टिफिकेट बसवताच चोरी दिसली. तोवर सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली होती. नियम चांगलाच होता. कोणते सॉफ्टवेअर कुठे बसवले आहे आणि त्याची जबाबदारी कोणाची, याची नोंद मात्र नव्हती.

संस्थेला असलेले धोके जिथे लिहून ठेवतात त्या जोखीम नोंदवहीचेही तेच होते. ‘सायबर हल्ल्याची शक्यता : उच्च’ अशा नोंदीवर कोणीच काही करू शकत नाही. ‘पगाराचा सर्व्हर जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवर आहे, तिचे अपडेट बंद झाले आहेत, इंटरनेटवरून तो उघडा आहे’ असे लिहिले की काम सुरू होते. जोखमीचा मालक आयटी विभाग नव्हे, तर ज्याचे काम त्या सर्व्हरवर चालते तो विभागप्रमुख असावा. पॅच आत्ता लावता येत नसेल तर तो लांबवण्याच्या सवलतीवर त्याची सही, अंतिम तारीख आणि तोपर्यंतचा उपाय हवा, उदाहरणार्थ तो सर्व्हर वेगळ्या नेटवर्कमध्ये ठेवणे. तारीख नसलेली सवलत वर्षानुवर्षे तशीच राहते.

बॅकअपबद्दल तर फार मोठा गैरसमज आहे. ‘बॅकअप यशस्वी’ या संदेशाचा अर्थ फाइल लिहिली गेली एवढाच. त्यातून यंत्रणा पुन्हा उभी राहील याची ती खात्री नव्हे. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर, चालवणारे आधी बॅकअपच शोधून पुसतात, आणि बॅकअप सर्व्हरला बाकी यंत्रणेचाच ॲडमिन पासवर्ड असेल तर त्यांना काहीच अडवत नाही. त्यामुळे एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली हवी. दर तिमाहीस एक महत्त्वाची यंत्रणा रिकाम्या मशीनवर पूर्ण उभी करून किती तास लागले ते लिहावे. २०१७ च्या नॉटपेट्या या सायबर हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातील डोमेन कंट्रोलर, म्हणजे सर्वांची लॉगिन सांभाळणारे सर्व्हर, पुसले गेले. सगळे एकमेकांचीच प्रत होते, स्वतंत्र बॅकअप नव्हता. घानामधला एक वीज गेल्यामुळे बंद होता, म्हणून वाचला!

लॉगिन खात्यांचे काम त्या मानाने सोपे आहे, तरी ते राहून जाते. नोकरी सोडलेल्यांची मनुष्यबळ विभागाची यादी आणि चालू लॉगिनची यादी दरमहा शेजारी ठेवून जुळवायची. बाहेरच्या कंत्राटदारांची खातीही त्यात धरायची. २०२१ मध्ये अमेरिकेतील कोलोनियल पाइपलाइन या इंधनवाहिनी कंपनीत हल्लेखोर शिरले ते वापरात नसलेल्या एका व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कला जोडणाऱ्या) खात्यातून. त्याला पासवर्डशिवाय दुसरी पडताळणी नव्हती.

आयएसओ २७००१ या माहिती-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत ९३ नियंत्रणे, म्हणजे सुरक्षेचे उपाय, आहेत. ती निरुपयोगी आहेत असे मुळीच म्हणणे नाही. पण पुरावा रोजच्या कामातूनच तयार व्हावा. ऑडिटच्या आदल्या आठवड्यात गोळा केलेल्या स्क्रीनशॉटवरून वर्षभराचे काही सिद्ध होत नाही.

आपल्या बातमीदारांना एक विनंती आहे. चोरीची बातमी देताना प्रमाणपत्र होते का, एवढ्यावर थांबू नये. गंभीर पॅच किती दिवस प्रलंबित होता, बॅकअपमधून यंत्रणा शेवटची कधी उभी करून पाहिली आणि त्या जोखमीवर सही कोणाची होती, हेही विचारावे.

– एक माहिती-सुरक्षा लेखापरीक्षक