वाघर लावली, तिथेच गुन्हा घडला

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

भातकापणी उरकून मळणी झाली की रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या कातळसड्यांवर (खडकाळ माळपठारांवर) सशांच्या पारधीचा हंगाम सुरू होतो आणि तो थेट शिमग्यापर्यंत चालतो, हे कोकणात राहणाऱ्या कोणालाही नव्याने सांगायला नको. वर्तमानपत्रांत मात्र शिकारीची बातमी येते ती बिबट्या फासकीत अडकला, खवले मांजराची तस्करी उघडकीस आली किंवा शिकाऱ्याच्या बंदुकीचा बार माणसालाच लागला, तेव्हा. कुत्री सोडून आणि वाघर, म्हणजे सशाच्या वाटेत ताणायचे जाळे, लावून केलेल्या सशाच्या पारधीची बातमीही होत नाही आणि बहुतेक वेळा पंचनामाही होत नाही. बंदूक नव्हती म्हणजे शिकार नव्हती, असा समज गावोगाव मुरलेला आहे आणि कारवाई करणारी यंत्रणाही पुष्कळदा त्याच समजावर चालते. कायद्याच्या दृष्टीने हा समज साफ चुकीचा आहे आणि तो दूर होणे गरजेचे आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २ मध्ये शिकारीची जी व्याख्या दिली आहे, तीत प्राण्याला मारणे किंवा विष घालणे तर येतेच, पण त्याला पकडणे, त्याचा पाठलाग करणे, फास किंवा सापळा लावणे, हाकून आणणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी काहीही करण्याचा प्रयत्न करणे, हे सारे येते. कुत्र्यांकरवी केलेला पाठलाग यातच मोडतो. म्हणजे गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) खिंडीत वाघर ताणली, पलीकडून डबे वाजवत रान उठवले आणि त्या दिवशी एकही ससा हाती लागला नाही, तरी गुन्हा घडलेलाच असतो. ‘आम्हाला काही मिळालंच नाही’ हा बचाव ऐकून मंडळींना समज देऊन सोडून दिले जाते, तेव्हा कायद्यात नसलेली सवलत दिली जाते. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची, म्हणजे कायद्यातील प्राण्यांच्या याद्यांची, फेरमांडणी झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ससा अनुसूची २ मध्ये आला. त्याच्या शिकारीला तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. दंडाची ही मर्यादा पूर्वी पंचवीस हजार होती. वाघर, हत्यारे आणि त्यासाठी वापरलेली गाडी जप्त करण्याचा अधिकार वनाधिकाऱ्यांना आहे, तसा तो उपनिरीक्षक आणि त्यावरील दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यांनाही आहे.

दुसरा बचाव खास कोकणी आहे. ‘सडा आमच्या सातबाऱ्याचा, वनखात्याचा संबंध काय?’ आपल्याकडे बहुतांश रान खासगी मालकीचे आहे, त्यामुळे हा प्रश्न पटकन पटतो. परंतु हा कायदा केवळ राखीव वनाला किंवा अभयारण्याला लागू नाही. तो तुमच्या काजूच्या बागेत, वरकस जमिनीत आणि परड्यातही तेवढाच लागू आहे. जमीन तुमची असली तरी तिच्यावर बसलेला ससा तुमचा होत नाही, आणि मारलेला वन्यप्राणी तर कलम ३९ नुसार सरकारची मालमत्ता ठरतो.

जुन्या मंडळींच्या मनातला गोंधळ मी समजू शकतो. १९१२ च्या ब्रिटिश काळातील कायद्याच्या परिशिष्टात ससा होता, पण तेव्हा बंदी फक्त ठरावीक हंगामापुरती असे. पुढे १९५१ चा मुंबई राज्याचा कायदा आला. १९७२ च्या मूळ कायद्यातही लहान शिकारीसाठी परवान्याची सोय होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने गेली. ज्यांनी परवान्याचा काळ पाहिला त्यांना ससा हा ‘चालणारा’ प्राणी वाटत राहिला आणि त्यांच्याकडून तो समज पुढच्या पिढीकडे आला. मात्र ज्या पिढीने तो काळ पाहिलाच नाही, तिला ही सबब पुरणार नाही.

वाघर काय करते हे ज्यांनी जवळून पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. ससा बीळ करत नाही. दिवसभर तो गवताच्या बुडाशी स्वतःपुरत्या खळीत कान पाठीवर टाकून बसतो आणि धोका अगदी अंगावर येईपर्यंत हलत नाही. हलला की ओळखीच्या वाटेनेच सुटतो. त्याचे मागचे पाय लांब असल्यामुळे चढावर त्याला कुत्री सहसा गाठू शकत नाहीत. पारधी मंडळी हे सगळे जाणतात, म्हणून वाघर वरच्या अंगाला, गडगा ढासळून वाट झालेली असते तिथे लावतात. पूर्वी ती तागाच्या सुतळीची असे. आता मासेमारीच्या जुन्या नायलॉन जाळ्याची असते. ती बारीक खुंट्यांवर सैल टेकवलेली असते, म्हणजे धक्का बसताच अंगावर कोसळावी. एरवी आवाज न करणारा ससा जाळ्यात अडकल्यावर तान्ह्या मुलासारखा ओरडतो. ते ओरडणे ज्याने ऐकले आहे त्याला या प्रकाराला खेळ म्हणवणार नाही.

शिवाय जाळे निवड करत नाही. पिलांना पाजणारी मादी असो, मुंगूस असो की रानमांजर, जो वाटेत आला तो अडकला. आमच्या गावच्या सड्यावर पारध होऊन गेल्यानंतर तिथेच राहिलेल्या एका जाळ्यात मुंगूस वाळून गेलेले मी पाहिले आहे. नायलॉनचा फेरा त्याच्या मानेत आणि पुढच्या पायात इतका रुतला होता की धागा कापल्याशिवाय ते सोडवता आले नाही. तागाची सुतळी एका पावसाळ्यात कुजून जाई. नायलॉन कुजत नाही, ते पुढची कित्येक वर्षे शिकार करत राहते. काही ठिकाणी रान उठवण्यासाठी सरळ गवताला काडी लावली जाते आणि मग तो वणवा शेजारच्या आंबा-काजूच्या बागेत शिरतो, हे बागायतदारांनी तरी लक्षात घ्यावे.

परंपरेचा मुद्दा मी टाळणार नाही. शिमग्याच्या सुमारास गावाने मिळून पारधीला जाण्याची रीत काही गावांत होती, आणि कातकरी बांधवांच्या ताटात रानातली लहान शिकार पिढ्यान्‌पिढ्या होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे अनेक पारंपरिक हक्क मान्य केले, पण शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. पोटासाठी एखादा ससा धरणाऱ्याच्या बाबतीत कायदा कठोर आहे, असे मलाही वाटते. म्हणूनच, कारवाई झालीच तर ती पायी चालणाऱ्या कातकऱ्यावर व्हावी आणि रात्री जीपगाड्या घेऊन सड्यावर चढणारे, झगझगीत बॅटरीच्या उजेडात ससा थिजवून त्याच्यावर कुत्री सोडणारे आणि त्याचे चित्रण मोबाईलवर मिरवणारे मोकळे राहावेत, याची चीड येते. त्या मंडळींचा परंपरेशी काही संबंध नाही. गावाच्या पारधीला निदान ठरलेला दिवस होता. यांना प्रत्येक शनिवारची रात्र मोकळी आहे.

ससा कुळीथ, चवळी आणि भुईमुगाचे कोवळे कोंब खातो हे शेतकरी म्हणून मला मान्य आहे. पण आमची शेती मोडीत काढली ती वानर-माकडांनी आणि रानडुकरांनी, सशाने नव्हे. तरीही कोणाचे खरोखर नुकसान होत असेल, तर वन्यजीव अधिनियमाच्या कलम ११ खाली उभ्या पिकाच्या रक्षणासाठी सक्षम वनाधिकाऱ्याकडून कारणांसह लेखी परवानगी मिळू शकते. तो रस्ता किचकट आहे आणि सोपा व्हायला हवा, ही मागणी रास्त आहे. तोपर्यंत परस्पर वाघर लावणे मात्र रास्त ठरत नाही.

वनविभागाकडे माझे मागणे असे, की दिवाळीपासून शिमग्यापर्यंत शनिवार-रविवारच्या रात्री सड्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर गस्त असावी, वाघर ताणलेली सापडली की मेलेल्या सशाची वाट न पाहता तिथेच गुन्हा नोंदवावा आणि गाडी जप्त करावी. पोलीस पाटलांना शिकारीची ही व्याख्या लेखी कळवावी आणि ग्रामसभेत ती वाचून दाखवावी. नागरिकांनी १९२६ या हेल्पलाइनवर तत्काळ कळवावे. कळवूनही दखल घेतली गेली नाही, तर साठ दिवसांची नोटीस देऊन कोणत्याही नागरिकाला स्वतः न्यायालयात फिर्याद दाखल करता येते. कलम ५५ मध्ये ही तरतूद आहे आणि आमच्या गावातले आम्ही काही जण यंदा तिचा वापर करण्याच्या तयारीत आहोत.

आपला,
एक शेतकरी वाचक
राजापूर तालुका, जि. रत्नागिरी